पॉवर स्टिअरिंग काढून साधे स्टिअरिंग: १९७९ च्या शेव्हरोले सी-१० वर झालेल्या कामाचे परीक्षण

जुन्या पिकअपचे पॉवर स्टिअरिंग काढून त्या जागी साधे, म्हणजे पंप आणि तेलाच्या दाबाची मदत न घेता चालणारे, स्टिअरिंग व्यवस्थित बसवून देणारे कारागीर शोधावेच लागतात. मिशिगन राज्यात सॅगिनॉ शहराजवळ असलेल्या एका छोट्या गॅरेजने माझ्या १९७९ च्या शेव्हरोले सी-१० वर हे काम केले, त्यावर आता एक हिवाळा आणि एक उन्हाळा उलटला आहे. त्यामुळे नव्याची नवलाई ओसरल्यावर काय टिकले आणि काय खटकत राहिले हे सांगता येईल. गॅरेजचे नाव मात्र देत नाही. मालक स्वतः पान्याला हात लावतात, हाताखाली एकच माणूस आहे, आणि आहेत तीच कामे उरकत नसल्याने नाव कुठे छापू नये, असे त्यांनीच सांगितले.

महाराष्ट्रातील वाचकांना हा सगळा प्रकार उलट्या दिशेचा वाटणे साहजिक आहे. तिकडे जुन्या जीपला पॉवर स्टिअरिंग बसवून घेण्यासाठी लोक पैसे बाजूला टाकतात, आणि भाजीपाल्याने भरलेला पिकअप दिवसभर घाटातून हाकणाऱ्या ड्रायव्हरपुढे साध्या स्टिअरिंगचे गुण गायला गेलो तर तो हसेल, आणि त्याचे हसणे योग्यच असेल. माझी गाडी त्या कामाची नाही. ती अर्ध्या टनाच्या वर्गातली, फोर बाय फोर नसलेली, २५० घनइंचांच्या (४.१ लिटर) सहा सिलिंडर इंजिनाची गाडी असून तिच्यावर महिन्यातून काही वेळा लाकूडफाटा, बागेसाठी खत आणि शेजाऱ्यांचे जुने फर्निचर एवढीच वाहतूक होते. त्या काळात साध्या सी-१० ला कंपनीतून मॅन्युअल, म्हणजे साधे, स्टिअरिंगच येत असे आणि पॉवर स्टिअरिंग जादा पैसे भरून घ्यावे लागे. म्हणजे मी जे करून घेतले ती गाडीच्या मूळ घडणीतच असलेली दुसरी व्यवस्था आहे, कोणाच्या डोक्यातून निघालेला प्रयोग नाही. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण ज्या गाडीला कंपनीने साधे स्टिअरिंग कधी दिलेच नाही, तिच्या बाबतीत सुट्या भागांपासून सुरक्षिततेपर्यंत सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

बदलाचे कारण गळती हे होते. पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकाचे फिरणे पुढच्या चाकांकडे पोचवणारी दातेरी पेटी, खालच्या सीलमधून तेल सोडत होता, पंप थंडीत कण्हत होता, आणि एका दुकानातून आणलेला, दुरुस्त केलेला म्हणून विकला गेलेला दुसरा बॉक्स काही महिन्यांतच पहिल्याच्या वाटेने गेला. तेल भरत राहायचे, गॅरेजची फरशी पुसत राहायचे आणि दर वेळी नव्या नळ्या घ्यायच्या, यापेक्षा ज्या यंत्रणेत गळायला तेलच नाही ती बरी, असे वाटू लागले होते.

अशा वेळी सर्वांत स्वस्त सल्ला जो मिळतो तो असा, की पंपाचा पट्टा काढून टाकावा, बॉक्सच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडाव्यात आणि गाडी चालवावी. या गॅरेजबद्दल माझे मत पहिल्यांदा चांगले झाले ते हा सल्ला त्यांनी ज्या प्रकारे खोडून काढला त्यामुळे. मालकांनी फडताळावरचा एक कापलेला पॉवर बॉक्स खाली काढला आणि आतला बारीक दांडा बोटाने दाखवला. स्टिअरिंगकडून येणारा शाफ्ट आणि बॉक्समधले मळसूत्र यांच्यामध्ये हा पीळ घेणारा दांडा, टॉर्शन बार, असतो. चाक फिरवले की तो किंचित पिळला जातो, त्या पिळाने भोवतीचा व्हॉल्व्ह उघडतो आणि दाबाखालचे तेल पिस्टनच्या एका बाजूला जाऊन वळण्याला मदत करते. पंपच नसेल तर प्रत्येक वेळी आधी हा दांडा त्याच्या मर्यादेपर्यंत पिळला जातो आणि मगच हालचाल खाली पोचते. म्हणजे सरळ रस्त्यावरही मध्यभागी एक पोकळ, रबरासारखी जागा कायमची राहते. शिवाय पिस्टनला आतले तेल नळ्यांतून ढकलत बसावे लागते, आणि बॉक्सचे प्रमाण, म्हणजे खालच्या शाफ्टच्या एका फेऱ्यासाठी वरचे चाक किती फेरे फिरवावे लागते ते, मुळात पंपाच्या भरवशावर ठरवलेले असल्याने जडपणा उरतोच. काही जण तो दांडा वेल्डिंग करून पक्का करतात. स्टिअरिंगच्या कोणत्याही शाफ्टला वेल्डिंगची कांडी लावणार नाही आणि दुसऱ्याने लावलेली गाडी दुरुस्तीलाही घेणार नाही, हे मालकांनी आवाज न चढवता पण ठामपणे सांगितले. मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची ठरावीक मुदतीने होणारी सक्तीची सुरक्षा तपासणी नाही. असे काम कोणी केले तर ते पकडणारे सरकारी डोळे नाहीत, म्हणून कारागिराचा नकार इथे अधिक मोलाचा ठरतो.

काम हातात घेण्यापूर्वी त्यांनी गाडी उचलून जवळजवळ अर्धा दिवस फक्त तपासणी केली आणि त्याचे पैसे वेगळे लावले. सुरुवातीला मला ते जड गेले, पण त्या तपासणीतून निघालेली यादी पाहिल्यावर तक्रार करण्यासारखे काही उरले नाही. आयडलर आर्म (स्टिअरिंगच्या दांड्यांना दुसऱ्या बाजूने आधार देणारा हात) झिजला होता आणि हाताने हलवल्यावर वर-खाली खेळत होता. खालच्या एका बॉल जॉइंटचे, म्हणजे चाकाला वळू देणाऱ्या गोल सांध्याचे, रबर फाटून ग्रीस बाहेर आले होते. हायड्रॉलिक मदत असताना असले दोष झाकले जातात, कारण जोर पंप लावत असतो. साधे स्टिअरिंग बसवले की प्रत्येक सांध्यातले घर्षण आणि प्रत्येक सांध्याचा प्ले, म्हणजे ढिलाई, थेट हातात येतो. स्टिअरिंग बॉक्सच्या आसपास फ्रेमला तडा आहे का, हेही त्यांनी तारेच्या ब्रशने गंज साफ करून पाहिले. या पिढीच्या शेव्हरोलेंमध्ये, विशेषतः चारही चाकांना जोर देणाऱ्या के मालिकेत, त्या जागी चिरा पडणे ही जाणकारांना चांगली ठाऊक असलेली खोड आहे. माझी फ्रेम शाबूत निघाली, मात्र इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकल्या जाणाऱ्या मिठाने बोल्ट असे धरले होते, की जुना बॉक्स सुटण्यासाठी गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरत ठेवावे लागले.

त्यांनी विचारलेला एक प्रश्न असे काम करून घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारावा: ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा भाग, कोणत्या प्रकारचा आहे? नेहमीचा बूस्टर इंजिनाच्या निर्वातावर चालतो. पण त्या काळातील काही डिझेल आणि जड ट्रकांवर बेंडिक्स कंपनीचा हायड्रो-बूस्ट असे, आणि तो पॉवर स्टिअरिंगच्याच पंपाचा दाब वापरतो. अशा गाडीचा पंप काढला तर स्टिअरिंगच्या आधी ब्रेकची मदत जाते. माझ्या गाडीला निर्वाताचा बूस्टर होता म्हणून गोष्ट पुढे सरकली.

नवा बॉक्स सॅगिनॉ ५२५ या जुन्या नमुन्याबरहुकूम बनवलेला आहे. या बॉक्सचे मूळ घराणे याच शहरातले. इथे १९०६ मध्ये सुरू झालेल्या एका छोट्या कारखान्याचा पुढे जनरल मोटर्सचा सॅगिनॉ स्टिअरिंग गिअर विभाग झाला, नंतर तो नेक्स्टीअर या नावाने चालू लागला, आणि २०१० मध्ये त्याची मालकी बदलली. त्याच नेक्स्टीअरचा एक कारखाना आज पुण्यातही आहे, ही गोष्ट मी गॅरेजच्या मालकांना सांगितली तेव्हा त्यांना ती आधीच ठाऊक होती. त्यांचे निम्मे नातेवाईक त्या कंपनीतून निवृत्त झाले आहेत. असो. बॉक्सची रचना छर्ऱ्यांची आहे: मळसूत्र आणि त्यावर सरकणारा नट यांच्यामधल्या खाचेत पोलादी छर्रे फिरत राहतात, त्यामुळे घर्षण कमी होते आणि खड्ड्यातला धक्का हातापर्यंत बराच कमी पोचतो. आत तेल नसून ग्रीस असते.

प्रमाणाचा हिशेब समजून घेतला तर पुढची बरीच निराशा टळते. ५२५ चे नेहमीचे प्रमाण २४ ला १ असते, तर माझ्या जुन्या पॉवर बॉक्सचे साधारण साडेसतराला १ होते. बॉक्सचा खालचा पिटमन शाफ्ट, ज्याच्या फिरण्याने पुढची चाके वळतात, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ७० अंश फिरतो असे धरले, तर जुन्या बॉक्सवर चाकाचे जेमतेम साडेतीन फेरे लागत, आणि नव्यावर ते पावणेपाचच्या आसपास जातात. हलकेपणा याच जादा फेऱ्यांतून विकत घेतलेला असतो. गाडी वळवायला लागणारे काम तेवढेच राहते. आधी त्यातला मोठा वाटा पंप उचलत होता, आता सगळा आपल्या खांद्यांनी उचलायचा आहे, फक्त लांबवर पसरून.

बॉक्स बसवण्याआधी त्यांनी तो शिकंज्यात धरून तपासला, आणि हा भाग मी बाजूला उभे राहून पाहिला. मळसूत्राच्या बेअरिंगचा ताण आधी आणि दात्यांमधला प्ले नंतर, हा क्रम त्यांनी सोडला नाही. शाफ्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजून बरोबर मध्यावर आणायचा, तिथे इंच-पौंडांत मोजणाऱ्या टॉर्क पान्याने तो हळूच ओढायचा, काटा किती चढतो ते पाहायचे, वरचा स्क्रू अगदी केसभर फिरवायचा, लॉकनट आवळायचा आणि पुन्हा मोजायचे, कारण नट आवळतानाही मोजमाप सरकते. मध्यावर शाफ्ट मुद्दाम किंचित घट्ट ठेवलेला असतो, म्हणून सरळ रस्त्यावर गाडी भरकटत नाही. ‘नवा आहे म्हणजे बरोबर असेल’ या समजुतीने थेट बसवला असता तर ही घट्टी नशिबावर राहिली असती, आणि प्रत्यक्षात कारखान्यातून आलेल्या या बॉक्समध्ये ती थोडी कमीच होती.

सर्वाधिक वेळ गेला तो शाफ्ट आणि कपलर, म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा तुकडा, यांमध्ये. पॉवर बॉक्सच्या डोक्यावर व्हॉल्व्हचा भाग असल्याने तो लांब असतो. मॅन्युअल बॉक्स आखूड, त्यामुळे स्टिअरिंगच्या शाफ्टपर्यंतचे मधले अंतर भरून काढावे लागते. त्यातच शाफ्टचा व्यास आणि त्यावरच्या दात्यांची संख्या वर्षागणिक आणि मॉडेलगणिक वेगळी असते. सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाने गाडीचे वर्ष विचारून जो कपलर पाठवला तो बसलाच नाही, आणि तो परत घेताना त्यांनी इतकी खळखळ केली की शेवटी त्याचे पैसे अर्धेच परत मिळाले. गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे की कपलर कधीही वर्ष सांगून मागवू नये. बॉक्सच्या शाफ्टचे दाते मोजावेत, कॅलिपरने व्यास घ्यावा आणि त्या मापाने मागवावा. मधला शाफ्ट दुर्घटनेत एकात एक शिरणारा, म्हणजे दुमडणारा, असावा यावर ते अडून बसले आणि एकसंध गजाचा तुकडा लावण्याचा स्वस्त मार्ग त्यांनी चर्चेलाही घेतला नाही. पिटमन आर्म, म्हणजे पिटमन शाफ्टवर बसणारा हात, हाही बदलावा लागला, कारण जुन्याचे दाते नव्या बॉक्सवर बसणारे नव्हते. तो काढताना पुलर वापरला, हातोडा नाही. शाफ्टवर मारलेल्या घावांनी आतली बेअरिंग खराब होतात.

पंप काढल्यावर त्याचा पट्टा आणखी काय फिरवत होता हे पाहावे लागते. काही इंजिनांवर पाण्याचा पंप किंवा अल्टरनेटर त्याच पट्ट्यावर असतो. इथे ते निस्तरायला फार वेळ लागला नाही.

अलाइनमेंट, म्हणजे पुढच्या चाकांचे कोन जुळवणे, हा या कामाचा अर्धा भाग आहे असे मी आता म्हणेन. कॅस्टर म्हणजे पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्या अक्षाचा मागे असलेला झुकाव. तो जास्त असला की गाडी आपोआप सरळ होते, पण वळताना तेवढाच जोर जास्त लागतो. पॉवर स्टिअरिंगच्या जमान्यात जास्त झुकाव कोणाला जाणवत नाही. साध्या स्टिअरिंगवर तो मनगटात भरतो. सी-१० मध्ये वरच्या आर्मच्या शाफ्टखाली पातळ शिम, म्हणजे धातूच्या चकत्या, सारून हे बदल करतात: पुढच्या आणि मागच्या बोल्टखालची जाडी सारखीच बदलली तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बदलतो, वेगवेगळी बदलली तर कॅस्टर. गॅरेजकडे स्वतःचे अलाइनमेंटचे यंत्र नसल्याने त्यांनी शिम अंदाजाने बसवून गाडी दुसऱ्या एका ठिकाणी पाठवली. कॅस्टर साडेतीन अंशांच्या जवळ होता, तो दोनच्या थोडा खाली आणला. त्याच वेळी आधीच्या मालकाने पुढे लावलेले रुंद टायर काढून २३५ मिलिमीटर रुंदीचे लावले. खरे सांगायचे तर जडपणा कमी करण्यात या टायरांचा वाटा मला कॅस्टरपेक्षाही मोठा वाटतो.

गाडी हातात आली तेव्हा स्टिअरिंगचे चाक सरळ रस्त्यावर डावीकडे कललेले होते. अलाइनमेंटवाल्यांनी टो, म्हणजे पुढच्या दोन चाकांची एकमेकांच्या तुलनेतली दिशा, बरोबर लावला होता, पण चाक मध्यावर न धरता. हा दोष दिसायला किरकोळ वाटतो, मात्र तसा तो नाही. बॉक्सच्या मध्यावरची ती घट्ट जागा आणि गाडीची सरळ दिशा एकमेकींशी जुळली नाही, तर नेमका सरळ जातानाच प्ले जाणवतो. केवळ चाक काढून सरळ बसवणे हा त्यावरचा चुकीचा उपाय. गॅरेजच्या मालकांनी दोन्ही टाय रॉडच्या, म्हणजे चाकांना वळवणाऱ्या दांड्यांच्या, स्लीव्ह उलटसुलट सारख्याच फिरवून, म्हणजे एका बाजूने जेवढी लांबी वाढवली तेवढीच दुसऱ्या बाजूने कमी करून, टोला हात न लावता चाक मध्यावर आणले. त्याचे पैसे घेतले नाहीत. गाडी सोपवण्याआधी रस्त्यावर एक चक्कर त्यांनी स्वतः मारली असती तर हे आधीच कळले असते, आणि या कामातली माझी खरी तक्रार ती एवढीच. फोन न उचलणे ही दुसरी, पण तिच्याविषयी तेही काही करणार नाहीत, मीही काही म्हणणार नाही.

आता चालवण्याविषयी. ताशी पंधरा-वीस मैलांच्या पुढे गेल्यावर स्टिअरिंग जड आहे हे विसरायला होते. महामार्गावर ते आधीपेक्षा चांगले आहे; जुन्या बॉक्सची भरकटण्याची सवय गेली, आणि ओल्या किंवा बर्फाळ रस्त्यावर पुढच्या चाकांची पकड सुटू लागली तर ते हाताला लगेच कळते. खडीच्या रस्त्यावर मात्र बारीक थरथर सतत येत राहते. थांबलेल्या गाडीत चाक फिरवणे हा व्यायाम आहे, आणि तो करूच नये. गाडी अगदी कासवाच्या गतीने का होईना सरकत असताना वळवायची, ही सवय आठवड्याभरात लागते. माझ्या पत्नीने पहिल्यांदा चालवल्यावर वजनाबद्दल चकार शब्द काढला नाही. तिची तक्रार फेऱ्यांबद्दल होती: चौकात वळताना हात दोनदा बदलावे लागतात आणि एका हातात कॉफी धरून वळता येत नाही. तिचे निरीक्षण माझ्यापेक्षा अचूक आहे, कारण खरी उणीव जडपणात नसून मंदपणात आहे. समोर अचानक काही आले आणि झटकन बाजूला व्हायचे असेल, तर त्याच हालचालीसाठी आता चाक अधिक फिरवावे लागते. गाडी तेवढे अंतर राखूनच चालवावी लागते. इंधन वाचेल म्हणून हे करावे असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. पंप इंजिनाची थोडी शक्ती खातो हे खरे, पण माझ्या वापरात पेट्रोलच्या खर्चात जाणवण्यासारखा फरक पडलेला नाही.

बॉक्स, कपलर, मधला शाफ्ट, पिटमन आर्म, आयडलर आर्म, बॉल जॉइंट, मजुरी आणि अलाइनमेंट धरून बिल बाराशे डॉलरच्या थोडे वर गेले. टायर त्यात धरलेले नाहीत. चांगल्या प्रतीचा नवा पॉवर बॉक्स, पंप आणि नळ्या घातल्या असत्या तरी खर्च याच्या फार खाली आला नसता, तेव्हा पैसे वाचवण्यासाठी हा मार्ग धरण्यात अर्थ नाही. बर्फ ढकलण्याचे नांगर लावलेल्या, ट्रेलर ओढणाऱ्या, फोर बाय फोर किंवा जड व्ही-८ इंजिनाच्या ट्रकवर हे करू नये. खांद्याचे किंवा मनगटाचे दुखणे असलेल्यांनी तर विचारही करू नये. ज्यांची गाडी हलकी आहे, टायर अरुंद ठेवायची तयारी आहे आणि गळती निस्तरून ज्यांना कंटाळा आला आहे, त्यांच्यासाठी हे काम या गॅरेजने केले त्या क्रमाने झाले तर समाधानकारक आहे. पाचपैकी चार तारे मी देईन, आणि उरलेला एक रस्त्यावरच्या त्या न मारलेल्या चकरेसाठी राखून ठेवीन.

जुना बॉक्स, पंप, पुली आणि ब्रॅकेट त्यांनी पुसून, प्रत्येकाला चिठ्ठी बांधून खोक्यात घालून परत दिले. ते भंगारात देऊ नयेत असा त्यांचा आग्रह होता, कारण पुढेमागे गाडी विकली तर घेणाऱ्याला पॉवर स्टिअरिंग हवे असण्याची शक्यता अधिक, आणि बॉक्स गळत असला तरी ब्रॅकेट आणि पुली मूळच्या आहेत.